उजवा कोपरा

"यातही आई कोपऱ्यातच आहे," मुलगी म्हणाली आणि फोटो बाजूला ठेवला.

"सगळ्यांतच कोपऱ्यात आहे," म्हातारा म्हणाला.

उद्या लोक भेटायला येणार होते आणि भिंतीवर लावायला आईचा एक धड फोटो घरात सापडत नव्हता. म्हणजे फोटो होते. खोकी भरभरून होते, तीसेक वर्षांचे, मागे तारीख घालून ठेवलेले. पण ते आईचे नव्हतेच. ते लेन्सचे होते.

म्हाताऱ्याचा धंदाच तो. कॅमेरा एक, पण त्याला लावायच्या लेन्स शंभर तऱ्हेच्या. कुठली कशात चांगली आणि कुठली कुठे कच्ची, हे तो पारखून द्यायचा. दुकानदार पाठवायचे, घेण्याआधी फोटोग्राफर पाठवायचे. त्याने 'सदोष' लिहिलं की लेन्स मुकाट परत जायची. घरामागे उघड्या विटांची भिंत होती. तिच्यासमोर स्टँडवर कॅमेरा लावून तो प्रत्येक लेन्सने फोटो काढायचा. मधला भाग कुठलीही लेन्स नीट दाखवते, खरी परीक्षा कोपऱ्यात, हे त्याने येईल त्याला ऐकवलेलं होतं. म्हणून उजव्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बायको उभी, छातीशी पेपर धरून. पेपरातलं बारीक अक्षर भिंगाखाली वाचता आलं की लेन्स पास.

"लग्न झाल्यापासून कोपऱ्यात उभी आहे," ती आल्यागेल्याला सांगायची. "शाळेतसुद्धा एवढी शिक्षा कधी झाली नव्हती."

पेपर नुसता भिंतीला चिकटवला असता तरी चाललं असतं. पण ती आपण होऊन हात पुसत यायची. तेवढी पाच मिनिटं नवरा आपल्याकडे बघतो, असं तिला वाटायचं. बघायचा तो अक्षरांकडे.

तिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला होता, यांचा हात कधीपासून थरथरतोय? "थरथरत नव्हताच," तो ठामपणे म्हणाला होता. "असलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही." डोक्यातली गाठ तोवर हाताबाहेर गेली होती. दीड-दोन वर्षं आधी कळतं तर काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी लांब राहायची, आणि बाबांच्या नजरेवर तिचा विश्वास होता. त्याचाही होता. कळायला काही मार्गच नव्हता, एवढ्या एका गोष्टीवर तो, ती गेल्यापासूनचे पंधरा दिवस, तग धरून होता.

शेवटचं खोकं उघडल्यावर मुलीचा हात एका फोटोवर थांबला. "हा बघा. काय छान दिसतेय. एवढाच भाग कापून मोठा करून घेऊ."

त्याने फोटो उलटा केला. मागे त्याचंच अक्षर होतं. 'उजवा कोपरा पुसट. अक्षरं वाचता येत नाहीत. लेन्स सदोष.'

"हा नको. लेन्स वाईट होती ती. त्या वेळी ओळीने सहा वाईट आल्या."

त्याला तो दिवस चांगला आठवत होता. आभाळ भरलेलं होतं, उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचा पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागला होता. "हलू नकोस," त्याने दोनदा दटावलं. "मी कुठे हलतेय?" ती म्हणाली होती. तिने आयुष्यात त्याला खोटं सांगितलेलं नव्हतं. ती हलत नाही म्हणजे दोष लेन्सचाच. दुकानदाराने नंतर कळवलंही होतं, की आमच्याकडे तर लेन्स उत्तम चालते. चोर तो चोर वर शिरजोर, म्हणून त्याने ती चिठ्ठी फाडून टाकली होती.

"वाईट कशी?" मुलगी म्हणाली. "चेहरा तर लख्ख आलाय, बाबा."

ती अडाण्यासारखं बोलत होती. तिला दाखवून द्यावं म्हणून त्याने टेबलावरचं भिंग उचललं. सवयीने ते आधी पेपरावर ठेवलं. अक्षरं फासल्यासारखी दिसत होती, एकही शब्द लागत नव्हता. मग त्याने भिंग थोडं वर सरकवलं. चेहरा कधी तपासलेला नव्हता, त्याची गरजच पडत नसे. पापण्यांचे केस मोजता येत होते. त्याने भिंग बाजूच्या विटांवर नेलं. विटेतला खडा न् खडा दिसत होता. भिंग परत पेपराच्या कडेवर आलं. तिथे तिची बोटं होती, आणि प्रत्येक बोट दोनदा उमटलं होतं.

"काय झालं?" मुलीने विचारलं.

त्याने खोक्यातून त्या वेळचे 'सदोष' लिहिलेले बाकीचे पाच काढले आणि ओळीने मांडले. भिंग प्रत्येकावर ठेवलं. विटा स्वच्छ, चेहरा स्वच्छ, बोटं पुसट. पहिल्या फोटोमागची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर त्याने तेव्हाच स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं, आणि पाठोपाठ आणखी पाच वेळा.

मुलगी अजून त्या छान आलेल्या फोटोकडेच बघत होती. "मग घ्यायचा ना हा?"

त्याने पेन मागून घेतलं. सहाही फोटो पालथे घातले आणि एकेकावरचा 'सदोष' शब्द खोडला.

"लेन्स चांगल्या होत्या," तो म्हणाला. "सहाच्या सहा."