घरचं फ्रेंच

रोमानियातल्या त्यांच्या खेड्यात एका फ्रेंच प्रवाशाची गाडी बंद पडली. स्मारांडाच्या वडिलांनी शेजाऱ्यांदेखत तिला पुढे केलं. "आमची पोरगी विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकते. विचार गं त्याला, काय झालंय."

स्मारांडाला विरहासाठी वीस फ्रेंच शब्द येत होते, क्लचसाठी एकही नाही. ती अडखळली. शेवटी फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांत सहा हंगाम राबलेली आई हात पुसत आली आणि मेकॅनिकचा पत्ता समजावून मोकळी झाली.

"छान बोलता, मॅडम," प्रवासी आईला फ्रेंचमध्ये म्हणाला. "मुलीलाही थोडं शिकवा."

"काय म्हणाला?" वडिलांनी विचारलं.

"पोरगी हुशार आहे म्हणाला," आईने सांगितलं.


भाषांतराच्या पेपरात वर्गात पहिली आलेल्या स्मारांडाने त्यात एकही चूक काढली नाही.