जुन्या चुलीचा फोटो

"हा झगा नको," ग्रेग तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला. "आईला रोजचा फाटका एप्रन घालायला सांगा. आणि बाहेर तीन दगडांची चूल पेटवा."

एर्मेलिंदाने आईकडे पाहिलं. आई सकाळपासून लग्नाला निघाल्यासारखी नटून बसली होती, पायात शेजारणीचे बूट. आत धुराड्याची नवी कोरी चूल होती. ग्रेगच्या संस्थेनेच होंडुरासच्या या डोंगरात घरोघरी बांधून दिलेली. पण या साहेबांना फोटो हवा होता तो चूल यायच्या आधीचा.

"पेटवते की," एर्मेलिंदा म्हणाली. "पण आधी आईचा एक फोटो. असाच, झग्यात. आणि कागदावर, आत्ताच्या आत्ता. फोटो काढून, पाठवतो म्हणून गेलेल्यांची चार वर्षं वाट बघतोय आम्ही."

ग्रेगने पिशवीतून लगेच फोटो देणारा छोटा कॅमेरा काढला. "एकच कागद उरलाय."

आई ताठ बसली.

"हसा," ग्रेग म्हणाला.

ती हसेना. त्याने माकडचेष्टा करून पाहिल्या. कागद एकच, त्याची जीप थोड्या वेळात निघणार, आणि हा माणूस हसण्यापायी अडून बसलेला.

"अहो, काढा तसाच," ती म्हणाली. "आई गेल्यावर मेणबत्तीपाशी ठेवायचाय तो. बाबांचा तर फोटोच नाही, मृतांच्या दिवशी त्यांच्या टोपीपुढे बसतो आम्ही. लोक रडत येणार आणि ही त्यांना हसणार?"

"आणि दात कुठायत मला?" आई पुटपुटली.

ग्रेगने बटण दाबलं. कागदावर हळूहळू आई उमटली, ताठ, गंभीर, बुटांसकट. एर्मेलिंदाचा जीव भांड्यात पडला. तिने फोटो शालीखाली जपून धरला.

मग ठरल्याप्रमाणे आईने फाटका एप्रन चढवला आणि तीन दगडांपुढे बसली. ओली लाकडं धुमसायला लागली.

"आता उदास दिसा," ग्रेग म्हणाला. "धुराने जीव नकोसा झालाय, असं."

आईने चेहरा पाडला. उघड्या दारातून आतली नवी चूल दिसत होती, तिच्यावर घेवडा रटरटत होता. आईने एकदा तिकडे पाहिलं, एकदा या धुराकडे. आणि तोंडाचं बोळकं उघडून ती हसत सुटली.

ग्रेग आपला मोठा कॅमेरा डोळ्याला लावून थांबला.

"दम धर, बाळा," डोळे पुसत आई म्हणाली, "आठवते काहीतरी दुःखाचं." आणि पुन्हा हसायला लागली.