निवृत्तीचा देव

निवृत्तीने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पाठोपाठ तोही खाली पडला. आधी हातपाय ताठ झाले, मग झटके सुरू झाले. देऊळघाटच्या वामनरावांकडे मुलगी पाहायला आलेला नवरदेव सतरंजीवर उडत होता, आणि मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

कोणीतरी हुंगवायला चप्पल आणली. मुलीने, म्हणजे कोकिळाने, ट्रे ठेवून त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली.

मिरगीचं नाव निघालं की सोयरीक मोडणार, हे निवृत्तीच्या आईला, शालूबाईला, दिसत होतं. ती म्हणाली, "चप्पल दूर करा. देव येते त्याच्या अंगात."

चप्पल परत दारापाशी गेली. वामनरावांनी टोपी सारखी केली. "कोनता देव व्हय?"

"मोठा हाये."

वामनरावांनी हात जोडले. "देवा, जिल्हा परिषद आमच्या गावाले रस्ता देईन का?"

झटके थांबले होते. निवृत्तीने डोळे किलकिले केले. "पानी," तो म्हणाला.

"पयले विहीर म्हनते," वामनरावांनी बैठकीला समजावलं. मग ते गंभीर झाले. "पन बाई, सोयरीक काही जमत नाई. देवाच्या मानसाले संसारात ओढलं तं पाप आमाले लागन."

शालूबाई गडबडली. "देव नाई हो भाऊ. मिरगीच हाये. देवाची शपथ."

"मोठी मानसं असंच लपवतात."

"बुलढान्याच्या डॉक्टरनं सांगतलं ना."

"डॉक्टरले देवातलं काय समजते?"

शालूबाईने पिशवीतून गोळ्यांची बाटली काढून पुरावा म्हणून पुढे केली. वामनरावांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली, एक गोळी तोंडात टाकली आणि बाटली शेजारी दिली. चुलते, मामा, शेजारीपाजारी, चप्पलवाला, सगळ्यांनी एकेक घेतली. बाटली शालूबाईकडे आली. प्रसादाला नाही कसं म्हणायचं, म्हणून तिनेही घेतली.

तासाभरात बैठक झोपली. वामनराव लोडावर, मामा वामनरावांवर.

जागे दोघंच होते. निवृत्ती भिंतीला टेकून बसला होता. "देव नाई तो," तो म्हणाला.

"दिसलं मले." कोकिळाने बाटलीवरची चिठ्ठी वाचायचा प्रयत्न केला. डॉक्टरचं अक्षर होतं, तिने नाद सोडला. "किती वेळा घ्या लागते?"

"दोनदा. जेवल्यावर."

"आज घेतली व्हती?"

"नाई. माय म्हने, परक्या लोकाईसमोर घेऊ नोको."

कोकिळाने घोरणाऱ्या बैठकीवरून एकदा नजर फिरवली. मग बाटलीतली एक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"इथं परकं कोन हाये?"