अठ्ठावीस अंश

दादा गेला, पण त्याचा हेका गेला नाही.

आम्ही दोघांनी शेडमध्ये बांधलेल्या विमानाचं इंजिन भयंकर तापायचं, कारण ठिणगीची वेळ तो जरा जास्तच आधी, अठ्ठावीस अंशांवर ठेवायचा. मी पंचवीस म्हटलं की म्हणायचा, "तुला डोंबल कळतंय!"

तो गेल्यावर मी पंचवीस अंश लावले आणि घट्ट आवळलेल्या बोल्टवर लाल रंगाचा पट्टा ओढला, कुणी फिरवला तर कळावं म्हणून. सकाळी पाहतो तर अठ्ठावीस. रंगाला साधा तडाही नव्हता.

"भावोजी, आता तरी त्यांचं ऐका," वहिनी म्हणाली.

"जिवंतपणी ऐकलं तेवढं पुरे!"

ठिणगी पाडणारा मॅग्नेटोच काढून मी घरी नेला. म्हटलं, आता फिरव काय फिरवायचं ते.

आज शेडचं कुलूप उघडलं. मॅग्नेटो माझ्या पिशवीतच होता. सहज सिलिंडरवर हात ठेवला, आणि तळहात भाजला.