न शिजणारी पेज

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर जिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांची टोकदार शिखरं उमटायला हवी होती. उमटला होता एकच बुटका, पसरट उंचवटा. ऋजुतानं बाटलीतली पांढरी भुकटी चिमटीत चोळली आणि हुंगली. ही तर बाळाच्या पेजेची तांदळाची पिठी!

घरच्या डब्यांवर तिचा भरवसा नव्हता, म्हणून पिठीही ती प्रयोगशाळेतल्या कोऱ्या बाटल्यांतच भरायची. म्हणजे दोन महिने खपून केलेला, काल रात्री घरी आणलेला नमुना सकाळच्या घाईत स्वयंपाकघराच्या ओट्यावरच राहिला होता. तिनं सासूबाईंना फोन लावला.

“आई, बाळाला पेज पाजलीत?”

“कसली पाजतेय! तासभर ढवळतेय, आळायचं नाव नाही. सगळं तळाशी बसतंय. असलं पाणी माझ्या नातीला देईन होय?”

ऋजुतानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि एकदम ओरडली, “आई, ओतू नका! फडक्यातून गाळा आणि वाळत घाला!”

“बरं बाई. आणि तू तिकडे काय तपासत बसलीयस?”

तिनं पडद्याकडे पाहिलं.

“आपली पिठी. भेसळ नाही हो, आई.”