माजोकचं शिंग

बाबांना मातीत ठेवण्याआधी मी त्यांचा डावा हात सरळ करू लागले, पण तो कोपरात वाकलेलाच राहिला.

गुरांच्या तळावर पोरींसमोर नाचताना प्रत्येक पुरुष आपल्या बैलाच्या शिंगांसारखे दोन्ही हात उंच उभारतो. बाबांचा डावा हात मात्र कपाळाशी वळलेला असे, कारण त्यांच्या बैलाचं, माजोकचं, डावं शिंग डोळ्यावर उतरलेलं होतं. एरवीही ते हात तसाच धरत. "माजोकचा मान आहे," म्हणत.

"राहू दे," आई म्हणाली. "तुझा बाबा लहानपणी झाडावरून पडला, तेव्हापासून तो हात सरळ होत नाही."

"पण ते तर माजोकचं शिंग ना?"

"माजोक तेव्हा जन्मलाही नव्हता. पुढे यानंच त्या गोऱ्ह्याचं शिंग तासलं, आपल्या हातासारखं वळावं म्हणून."

शेणाच्या धुरात बैल तरंगल्यासारखे दिसत होते.

"हे बाबांनी सांगितलं तुला?"

"कधीच नाही. झाडाचं नि शिंगाचं पुढे तुझ्या आजीकडून कळलं. पण मी पाहिलेला याचा पहिला नाच संपला, सगळ्यांचे हात खाली आले. याचा वाकलेलाच राहिला."

"मग तू काही बोलली नाहीस?"

आईने त्या हाताला हळूच राख लावली.

"अगं, किती ऐटीत नाचत होता तो."