स्वतःची दाढी

सलूनवाल्या काकांनी चाळीस वर्षं गावाच्या दाढ्या केल्या, पण स्वतःच्या गालाला कधी पातं लावलं नव्हतं. रोज दुकान उघडण्याआधी दोघे भाऊ एकमेकांची दाढी करायचे. थोरला जाऊन पंधरवडा झाला. उद्या सलून उघडायचं तर दाढीचे खुंट घेऊन खुर्चीमागे उभं कसं राहायचं? वस्तरा उचलला, तर सरावलेला हात आरशातल्या गालाकडे गेला. म्हणून ते बाजारातल्या दुकानात रेझर घ्यायला आले. "नवशिक्याला जमेल असा दे," म्हणाले. "काका, तुम्ही आणि नवशिके!" दुकानदारीण हसली. तिने हलका रेझर दिला. काकांनी तो पात्याविना गालावरून फिरवला, परत केला. दुसरा पितळी, वजनदार होता. तो गालावर टेकताच त्यांचे डोळे मिटले. "काका, जड नाही वाटत?" "वाटतो की. रोज भांडायचो दादाशी, जरा हात हलका ठेव म्हणून." मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "हाच दे, पोरी."